‘मालेश’मधले बिननावी आवाज

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका श्रोतृमंडळात मी ‘मालेश’ या अल्बमवर बोललो होतो. तीस-पस्तीस माणसं, बहुतेक शास्त्रीय संगीत ऐकणारी. पश्चिम बर्लिनमधल्या ‘अ‍ॅजिटेशन फ्री’ या गटाचा १९७२ सालचा हा पहिला अल्बम. मी त्याला मोठ्या उत्साहाने ‘पूर्व-पश्चिम संगम’ म्हटलं आणि त्यातली शीर्षक-रचना वाजवून दाखवली. ती संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, “त्यात मागे आवाज येतात ते कुणाचे?” मी म्हटलं, “इजिप्तमधल्या लोकांचे.” “ते कळलं हो. पण कुणाचे?” मला सांगता येईना. “तेवढं महत्त्वाचं नाही ते,” असं काहीसं बोलून मी पुढे सरकलो.

घरी परतताना बसमध्ये लक्षात आलं, की नकळत मी अल्बमच्या नावाचाच मराठी अनुवाद करून आलो आहे. ‘मालेश’ हा कैरोच्या बोलीतला रोजचा शब्द. धक्का लागला, मालेश. गाडी चुकली, मालेश. आपलं ‘असू द्या’, ‘जाऊ द्या’, ‘चालायचंच’ या तिन्हींची कामं तो एकटा करतो. त्या बाईंना मी तेच सांगितलं होतं : जाऊ द्या.

मी संगीताचा रीतसर विद्यार्थी नाही. नोकरी सांभाळून, जुन्या बाजारातल्या तबकड्या चाळत आणि शब्दकोश उघडा ठेवून मुखपृष्ठांवरचं जर्मन वाचत जे जमलं ते गोळा केलं. त्यामुळे मला एखादी गोष्ट उशिरा कळते, आणि कळली की आधीचं सगळं पुन्हा तपासावं लागतं. हा लेख म्हणजे त्या व्याख्यानाची दुरुस्ती आहे असं समजावं.

आधी गट. १९६७ च्या सुमारास पश्चिम बर्लिनमध्ये शाळकरी वयाच्या मुलांनी तो सुरू केला. भिंतीने वेढलेलं ते शहर म्हणजे एक बेटच होतं. तिथल्या रहिवाशांना पश्चिम जर्मनीची सक्तीची लष्करसेवा लागू नव्हती, म्हणून तरुणांची तिकडे रीघ लागलेली. या मुलांना थोमास केसलर हा स्विस संगीतकार गुरू म्हणून लाभला, हे त्यांचं भाग्य. विल्मर्सडॉर्फ भागातल्या एका संगीतशाळेत तो स्टुडिओ चालवत असे. ‘टँजरीन ड्रीम’ आणि ‘अ‍ॅश रा टेम्पल’ या पुढे नावाजलेल्या गटांची मुलंही तिथेच सराव करत. ‘अ‍ॅजिटेशन फ्री’चा आधीचा ड्रमवादक ख्रिस्टोफर फ्रांके तर १९७१ मध्ये ‘टँजरीन ड्रीम’मध्येच गेला. केसलरने या मुलांना काय दिलं? रॉक वाजवणाऱ्या पोरांना त्याने सांगितलं, की टेपवर मुद्रित केलेला आवाज हेही वाद्यच आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे परत यायचं आहे.

ब्रिटिश संगीतपत्रांनी या सगळ्या जर्मन पिढीला ‘क्राऊटरॉक’ असं थट्टेचं नाव दिलं. जर्मन माणसाला हिणवायचा तो शब्द. पण थट्टेमागे खरी अडचण होती. स्वतःचं लोकसंगीत नाझींनी मिरवून मिरवून बाटवलेलं, आणि अमेरिकन ब्लूज कितीही घोटला तरी तो उसनाच. मग ही मुलं तिसरीकडे पाहू लागली. कुणी यंत्राकडे, कुणी अवकाशाकडे, कुणी ‘पूर्वे’कडे.

‘अ‍ॅजिटेशन फ्री’ला पूर्वेकडे नेलं ते ग्योथे इन्स्टिट्यूटने. आपल्याकडे हीच संस्था मॅक्सम्युलर भवन या नावाने ओळखली जाते. पुण्या-मुंबईतल्या कित्येकांनी जर्मनचे पहिले धडे तिथेच गिरवले आहेत. १९७२ च्या पूर्वार्धात या संस्थेने विशीतल्या या लांब केसांच्या मुलांना इजिप्त, लेबनॉन, सायप्रस आणि ग्रीसच्या दौऱ्यावर पाठवलं. यात निव्वळ संगीतप्रेम होतं असं मानणं भाबडेपणाचं ठरेल. पश्चिम जर्मनीने १९६५ मध्ये इस्रायलला राजनैतिक मान्यता दिली, तेव्हा इजिप्तने तिच्याशी संबंध तोडले होते. ते पुन्हा जुळले जून १९७२ मध्ये. म्हणजे दौरा नेमका त्याच हालचालींच्या काळातला. राजदूत पोचण्याआधी गिटारवाले पोचले. त्यानंतर जुलैमध्ये बर्लिनच्या स्टुडिओत ‘मालेश’ मुद्रित झाला; आणि त्याच जुलैत सादातने हजारो सोव्हिएत लष्करी सल्लागारांना इजिप्तमधून घरी पाठवलं. अल्बममध्ये यातलं काहीही ऐकू येत नाही. १९६७ चा पराभव, त्या जानेवारीत रस्त्यावर उतरलेले कैरोचे विद्यार्थी, सुवेझच्या काठावरची ताटकळलेली फौज, कशाचाच मागमूस नाही. विशीतल्या पाहुण्यांकडून ती अपेक्षा करावी का, हा प्रश्न आहेच. मी करत नाही. पण ऐकताना मला ते आठवतं, एवढं नोंदवतो.

आता रचनांची नावं पाहा, कारण माझं मत बदलायला ती आधी कारणीभूत झाली. एकूण सात रचना. पहिलीचं नाव इंग्रजी : ‘यू प्ले फॉर अस टुडे’. यजमानाने पाहुण्या वादकांना म्हणावं तसं साधं वाक्य. दुसरी ‘सहारा सिटी’. नाव ऐकून आपल्या डोळ्यांसमोर अथांग वाळवंट येतं. प्रत्यक्षात सहारा सिटी हा गिझाच्या पिरॅमिडांजवळचा नाइटक्लब होता, जिथे पर्यटकांना पोटनृत्य दाखवत. तिसरी ‘अला तूल’, म्हणजे ‘सरळ पुढे’. कैरोत टॅक्सीवाल्याला सांगायचे जे दोन-तीन शब्द परदेशी माणूस पहिल्या दिवशीच शिकतो, त्यांतला हा. चौथी ‘पल्स’. पाचवी ‘खान अल-खलिली’, कैरोचा जुना बाजार, जिथून प्रत्येक पर्यटक पितळेचं काहीतरी घेऊन येतो. सहावी ‘मालेश’. सातवीला पुन्हा जर्मन नाव : ‘र्‍युकश्टुर्झ’, म्हणजे वेगाने मागे कोसळणं, परतणं.

हा सरळसरळ दौऱ्याचा हिशेब आहे : विमान, नाइटक्लब, टॅक्सी, बाजार, ‘जाऊ द्या’, घर. त्या काळातले किती तरी रॉक गट पंधरा दिवसांत निर्वाण, कर्म, मंत्र असे शब्द उचलून मुखपृष्ठावर छापत होते. त्यांच्या शेजारी ठेवली तर या मुलांची शब्दसंपत्ती मला प्रामाणिक वाटते. त्यांना दोन-चार आठवड्यांत जेवढं अरबी आलं तेवढंच त्यांनी वापरलं. पूर्वीच्या व्याख्यानात मी ‘सहारा सिटी’वर बोलताना वाळवंटातल्या गूढ शांततेचं वर्णन केलं होतं. ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

आणि ‘पूर्व’ तरी कोणाची? बर्लिन साधारण १३ अंश पूर्व रेखांशावर आहे, कैरो ३१ वर, पुणे ७४ च्या जवळ. बर्लिनहून कैरो जितकं पूर्वेला, त्याच्या दुपटीहून अधिक ते आपल्या पश्चिमेला पडतं. तरी त्या दिवशी सगळ्या सभागृहाला मी सांगत होतो, की हे ‘पौर्वात्य’ संगीत, म्हणजे जवळजवळ आपलंच. जर्मन माणसाच्या होकायंत्राने मी पुण्यात दिशा दाखवत होतो.

आपलंच का वाटलं, याचं एक कारण मात्र कानातलं आहे. अरबी संगीतातल्या हिजाज मकामाची खालची स्वरचौकडी आपल्या भैरवच्या सा, कोमल रे, शुद्ध ग, म यांना मिळतीजुळती आहे. बसंत मुखारी रागाला हिजाज भैरव म्हणतात ते उगाच नाही. कोमल रे आणि शुद्ध ग यांच्यामधली ती लांब उडी युरोपातल्या चित्रपटांनी आणि नाचगाण्यांनी इतकी झिजवली, की ती वाजली की पडद्यावर उंट दिसलाच पाहिजे. ‘मालेश’ची मोठी जमेची बाजू ही, की त्यातले दोन गिटारवादक, लुट्झ उल्ब्रिख आणि योर्ग श्वेंके, या स्वस्त युक्तीवर फारसे विसंबत नाहीत. मकामांमध्ये दोन अर्धस्वरांच्या मधले स्वर असतात. रास्तचा तिसरा, बयातीचा दुसरा. गिटारला पडदे बसवलेले, मारिम्बाच्या पट्ट्या ठरलेल्या, हॅमंड ऑर्गन तर आपल्या पेटीइतकाच हट्टी. हे स्वर त्या वाद्यांतून निघायचे नाहीत, आणि ही मुलं ते काढण्याचा आवही आणत नाहीत.

मग त्यांनी तिथून आणलं काय? माझ्या मते वेळ आणली. एका आधारस्वरावर किती वेळ थांबता येतं, घाई न करता एकच आकृती किती वेळा फिरवता येते, हे त्यांनी आणलं. ‘खान अल-खलिली’त सुरुवातीला कुणीच पुढे यायला तयार नसतं. गिटारी एकमेकींना वाट देत राहतात, आणि ठेका पकडला जातो तो जणू बाजारातल्या गर्दीने आपल्याला पुढे ढकलल्यासारखा. मग दोन गिटारी शेजारी शेजारी चालू लागतात. ही चाल कैरोची नव्हे, अमेरिकेच्या किनाऱ्यावरची आहे. पण तिला जी सैल कूस मिळाली आहे ती प्रवासातून आलेली. ‘अला तूल’मध्ये बुर्गहार्ड राउशचा मारिम्बा पुन्हा पुन्हा तेच फिरवतो. अनेकांना यात अरबी लय ऐकू येते, मला टेरी रायली ऐकू येतो. १९६४ मध्ये ‘इन सी’ लिहिणारा हा कॅलिफोर्नियाचा संगीतकार १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य झाला. म्हणजे पूर्वेचा रस्ता बर्लिनला थेट आला नाही, अमेरिकेला वळसा घालून आला. अल्बममध्ये हॅमंड ऑर्गन वाजवणारा पाहुणा पेटर मिखाएल हामेल हाही पुढे भारतीय संगीताच्या अभ्यासात रमला.

‘पल्स’मध्ये मिखाएल ह्यॉनिगचा सिंथेसायझर नाडीसारखा ठोके देत राहतो. ऐकायला छान, पण अल्बमच्या मधोमध तो परका वाटतो. केसलरच्या तळघरात तो आधीपासूनच घडत असावा असं वाटायला लावणारा. त्यावर मी जास्त लिहीत नाही. शेवटची ‘र्‍युकश्टुर्झ’ दोनच मिनिटांची आहे, आणि मला आवडते ती सर्वांत जास्त. एकच सरळ गिटारची धून. परतीच्या विमानात माणूस जे मनाशी गुणगुणतो, ते असंच असावं.

पण माझी अडचण गिटारींची नाही, टेपची आहे. बासवादक मिखाएल ग्युंटरच्या नावापुढे वाद्य म्हणून ‘बास’ लिहिलं आहे आणि त्याला जोडून ‘टेप्स’. दौऱ्यात मुलांनी मुद्रित केलेले इजिप्तमधले आवाज, बोलणी, गाणी-वाजवणी रचनांमध्ये पेरली आहेत. केसलरची शिकवण इथे फळाला आली. शब्द गाणारं या अल्बममध्ये कुणी नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे वाद्यांच्या या पाऊण तासात माणसाचा कंठ जेव्हा जेव्हा कानावर येतो, तेव्हा तो बहुधा त्या अनोळखी माणसांचाच असतो. अल्बमचा श्वास त्यांच्याकडे आहे. आणि वादकांच्या यादीत नावं सात : गटातले पाच, हामेल आणि बोंगो वाजवणारा उली पॉप. सगळे जर्मन. कंठांचा मालक कोण, तर ‘टेप्स’.

हे लिहिताना मलाच वाटलं, की इथे मी सोप्या निवाड्याकडे घसरतो आहे : गोरे आले, आवाज घेऊन गेले. म्हणून कैरोकडून पुन्हा पाहायला सुरुवात केली, आणि माझं मागासलेपण उघडं पडलं. मी समजत होतो की विद्युत गिटार या मुलांनी तिकडे नेली. उम्म कुलसुमच्या ‘इन्त उमरी’ या गाण्यात मोहम्मद अब्देल वहाब या संगीतकाराने विद्युत गिटार वापरली ती १९६४ मध्येच. अख्खं अरब जग ते गाणं ऐकत होतं. उमर खोरशीद हा तरुण उम्म कुलसुमच्या वाद्यवृंदात गिटार वाजवायचा, आणि पडद्यांमधले ते ‘न निघणारे’ स्वर तार ओढून काढायचा. डिसेंबर १९७१ मध्ये सन रा हा अमेरिकन जॅझवाला आपला ताफा घेऊन कैरोत येऊन गेला. त्याची एक मैफल झाली ती हेलिओपोलिसमध्ये, ग्योथे इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या हार्टमुट गेर्केन यांच्या घरी. जर्मन मुलं कैरोत उतरली तेव्हा ते शहर काही हजारो वर्षांची झोप घेत बसलेलं नव्हतं. त्याचा वाद्यमेळ त्यांच्याइतकाच आधुनिक होता, कदाचित जास्तच. अल्बममध्ये मात्र शिरला तो रस्त्यावरचा, जुना, बिननावी आवाज. खोरशीदसारख्या बरोबरीच्या वादकाशी सवाल-जवाब झाला असता तर? तो झाला नाही. ‘मालेश’चं खरं उणेपण मला इथे दिसतं.

आणि गुंता वाढवणारी गोष्ट आणखी मागची आहे. १९४४ साली हलीम अल-दाब या तरुण इजिप्शियन संगीतकाराने तारेवर ध्वनी मुद्रित करणारं अवजड यंत्र मिळवलं आणि कैरोत ‘झार’ या विधीचे आवाज टिपले. झार हा अंगात येण्याचा, झाड उतरवण्याचा विधी, मुख्यतः बायकांचा. त्या आवाजांतले मूळ स्वर गाळून, प्रतिध्वनी देऊन त्याने एक नवी रचना केली. पॅरिसमध्ये पिएर शेफरने १९४८ मध्ये असल्या प्रयोगांना नाव आणि प्रतिष्ठा दिली, त्याच्या चार वर्षं आधी. आज त्या तुकड्याची गणना विद्युत-ध्वनी संगीताच्या आद्य नमुन्यांत होते. टेपची जी विद्या बर्लिनच्या मुलांनी कैरोत नेली असं मी मानत होतो, तिचा एक उगम कैरोतच होता. पण त्या झारमध्ये गाणाऱ्या बायका कोण? अल-दाबचं नाव राहिलं, त्यांचं नाही. यंत्र हातात असणारा आणि यंत्रासमोर असणारा, ही फाळणी पूर्व-पश्चिमेची नाही. तीच कैरोच्या आतही आहे.

आणि आमच्या घरातही. त्या बाईंच्या प्रश्नानंतर मी पलंगाखालची ट्रंक काढली. नव्वदच्या दशकात, नोकरीतली पहिली काही वर्षं, मी सातारा जिल्ह्यातल्या जत्रांना आणि गोंधळांना टेपरेकॉर्डर खांद्याला लावून जायचो. अकरा कॅसेटी आहेत. एकीवर माझ्याच अक्षरात : ‘गोंधळ, रात्र, संबळ उत्तम.’ दुसरीवर : ‘म्हातारा, जोगवा, बाजू ब खराब.’ गाव आहे, काहींवर तारीख आहे, यंत्राची कंपनीसुद्धा लिहिली आहे. एकाही माणसाचं नाव नाही. त्यांनी मला जेवू घातलं होतं, दिवटीच्या उजेडात कॅसेट बदलायला जागा करून दिली होती. नाव विचारायचं मला सुचलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी बापाच्या नावासकट सांगितलं असतं. मी जर्मन नव्हतो, वीस वर्षांचा नव्हतो, आणि भाषेची अडचण तर मुळीच नव्हती.

हे कळल्यानंतर ‘मालेश’ वाईट वाटू लागला का? नाही. उलट आता तो जास्त ऐकतो. शीर्षक-रचनेत बासची आकृती पायाशी फिरत असते, गिटार वर चढते, आणि तिच्या मागून ते आवाज येतात. पूर्वी मी ते गिटारची पार्श्वभूमी म्हणून ऐकायचो. आता गिटार मला त्यांची पार्श्वभूमी वाटते, आणि रचना तरीही कोसळत नाही. मुलांनी ती आवाजांभोवती एवढी मोकळी जागा ठेवून बांधली आहे, की कान उलटा लावला तरी चालतं. ही कारागिरी त्यांची, आणि ती मान्य केली पाहिजे. पुढच्या वर्षी आलेला त्यांचा ‘सेकंड’ हा अल्बम वादनात जास्त सफाईदार आहे, बहुतेक जाणकार त्यालाच झुकतं माप देतात. पण त्यात मला रिकामं वाटतं. तिथे फक्त तेच आहेत. १९७४ मध्ये गट फुटला.

त्याच जर्मनीतला ‘एम्ब्रियो’ हा दुसरा गट १९७८-७९ मध्ये बसने अफगाणिस्तानमार्गे भारतापर्यंत आला आणि वाटेतल्या वादकांबरोबर प्रत्यक्ष बसून वाजवत गेला. त्यांचं संगीत मला ‘मालेश’इतकं बांधीव वाटत नाही. पण त्यात समोरचा माणूस उत्तर देतो, कधी कधी पाहुण्यांना मागे टाकून पुढे जातो. दोन्ही एकाच वेळी साधणारी तबकडी माझ्या संग्रहात अजून नाही.

गेल्या फाल्गुनात ‘म्हातारा, जोगवा’ ही कॅसेट मोबाइलवर उतरवून घेतली आणि त्या गावी गेलो. पारावर बसून लावली. बाजू ब खरोखरच खराब आहे, निम्मी खरखर. तरी दुसऱ्या कडव्याला एक पन्नाशीचे गृहस्थ उठून जवळ आले, म्हणाले, “आमचं आजोबा हायती हे.” त्यांनी नाव सांगितलं, ते मी तिथेच कॅसेटच्या कागदावर लिहिलं. इथे छापत नाही, कारण छापू का असं विचारायचं पुन्हा राहून गेलं. पुढच्या खेपेला विचारणार आहे. त्या मुद्रणात म्हाताऱ्यांच्या मागे तुणतुणं वाजवणारा आणि मधूनच झील धरणारा आणखी एक आवाज आहे. तो कोणाचा हे पारावर कुणालाच सांगता आलं नाही. एक आजी म्हणाल्या, पलीकडच्या वाडीवरचा असंल, तिकडं विचारा.